साखर पळवणारं पान

अहमदपूरच्या धान्याच्या मोंढ्यामागे एक मंगल कार्यालय आहे. त्या सोमवारी तिथे लग्न नव्हतं, बारसं नव्हतं, कुणा पुढाऱ्याचा सत्कारही नव्हता. तरी दारातला चपलांचा ढीग भर लग्नसराईतही नसतो एवढा होता. आत सात-आठशे माणसं उपाशीपोटी बसली होती. एरवी पंगतीला दहा मिनिटं उशीर झाला तर आचाऱ्याचा उद्धार करणारी ही मंडळी सकाळपासून नुसत्या पाण्यावर होती आणि कुणाची तक्रार नव्हती. कारण समोर, नवरदेवाच्या लाल मखमली खुर्चीत, साक्षात शर्कराहर महाराज बसले होते.

महाराजांच्या अंगावर भगवं रेशीम होतं, कपाळभर भस्म होतं आणि कानाला ऑर्केस्ट्रातल्या गायकाचा असतो तसला माइक होता. मागच्या फलकावर लिहिलं होतं : ‘मधुमेह मुळासकट! पथ्य नाही, गोळी नाही, सुई नाही!’

“सांगा भक्तांनो, चहातली साखर सोडली की नाही?” महाराजांनी विचारलं.

“सोडली!” सभागृह गरजलं.

“पेढा सोडला? बासुंदी सोडली? जिलेबीकडे पाठ फिरवली?”

“फिरवली!”

“तरी शुगर उतरली?”

“न्हाई!”

“मग ही साखर येते कुठून?” महाराजांनी डोळे मिटले. “तुम्ही साखर खात नाही. साखर तुम्हाला खाते! ही मागच्या जन्मीची साखर आहे. ती या जन्मीच्या गोळीला कशी दाद देईल?”

मागच्या जन्मी आपण कुठल्या कारखान्याचे सभासद होतो, हे विचारावं असं मला फार वाटलं. पण शेजारी माणिकप्पा हात जोडून बसले होते, म्हणून जीभ आवरली.

मग चमत्कार सुरू झाला. महाराजांनी पुढच्या रांगेतल्या एकाला बोलावलं, त्याच्या हातावर एक हिरवं पान ठेवलं आणि ‘नीट चाव’ म्हणाले. तो बिचारा शेळीसारखा चावत राहिला. दोन मिनिटांनी महाराजांनी त्याच्या तोंडात चमचाभर साखर घातली.

“काय लागतं?”

त्या माणसाचे डोळे पांढरे झाले. “वाळू! महाराज, निस्ती वाळू!”

“महादेव हलाहल प्याले. मी तुझी साखर प्यालो,” महाराज म्हणाले आणि ढेकर दिली. माइकवरून ती ढेकर सगळ्या सभागृहात घुमली. टाळ्यांचा नुसता पाऊस पडला.

आता माझी आणि माणिकप्पांची ओळख सांगतो. मी शेषेराव. इथल्याच एका शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवून आता निवृत्त झालो आहे आणि मला न विचारता मत देण्याची खोड आहे. माणिकप्पांचं बसस्टँडच्या रस्त्याला किराणा दुकान आहे. आमचं घर भिंतीला भिंत लागून. रोज सकाळी ते इष्टलिंगाची पूजा आटोपून ओट्यावर आले की मी ‘शरणार्थ आप्पा’ म्हणतो, ते ‘शरणार्थ सर’ म्हणतात आणि आमचा दिवस उगवतो.

आप्पांना सहा वर्षांपासून मधुमेह. महिन्याभरापूर्वी नवी चप्पल डाव्या पायाच्या करंगळीला चावली आणि ती जखम काही भरेना. डॉक्टर शिवानी म्हणाल्या होत्या, “आप्पा, शुगर खाली आली नाही तर हे बोट काढावं लागेल. दिवसभरात तोंडात काय काय जातं, ते एका कागदावर लिहून आणा.”

आप्पा भडकले होते. “कामून लिहू? मी साखर खाऊनच न्हाई राहिलो! दोन वर्षं झाली, चहा बी बिनसाखरेचा. पोती-पोती साखर विकतो, पर एक दाणा तोंडात टाकत न्हाई. ही पोरगी मला खोटं पाडून राहिली.”

आप्पा खोटं बोलत नव्हते. साखर सोडूनही शुगर तीनशेच्या खाली येत नव्हती, हे त्यांना खरोखरच उमगत नव्हतं. आणि ज्याचं कारण सापडत नाही, त्याच्यावर मागच्या जन्माचा शिक्का फार पटकन बसतो.

म्हणूनच मी त्यांच्याबरोबर आलो होतो. बुवाचं बिंग फोडायचं आणि आप्पांना घेऊन सरळ दवाखान्यात जायचं, असा माझा बेत होता. मला वाटलं, गोम साखरेत आहे. चमच्यात साखर नसणारच. स्फटिकाचा चुरा असेल नाहीतर साबुदाण्याचा. म्हणून आप्पांच्याच दुकानातली साखर मी कागदात बांधून आणली होती.

मी हात वर केला. “महाराज, मलाही अनुभव घ्यायचाय. पण साखर माझी!”

सभागृहात कुजबुज झाली. निम्म्या लोकांना मी शिकवलेलं, उरलेल्यांच्या लेकरांना. महाराज मात्र गोड हसले. आता आठवलं की अजून चीड येते.

“या, या गुरुजी. साखर तुमची, जीभ तुमची, कृपा फक्त त्याची.”

पान मोठं होतं. मी अर्धं चावलं, अर्धं शर्टाच्या खिशात ठेवलं. चव कडवट, पालेभाजीच्या देठासारखी. मग माझी पुडी सोडली, आधी एक दाणा आप्पांना चाखवून ती साखरच असल्याची खात्री केली आणि चिमूटभर स्वतःच्या जिभेवर ठेवली.

वाळू! गोडीचं नाव नाही. दातांखाली कर्र कर्र वाजत होतं आणि तोंडात काही म्हणजे काहीच येत नव्हतं.

“बोला गुरुजी,” महाराजांनी माइक माझ्या तोंडाशी आणला. “खरं सांगा. गोड लागतं?”

एकतीस वर्षं पोरांना ‘जे दिसतं तेच लिहा’ म्हणून प्रयोगवह्या तपासल्या. खोटं कसं बोलणार? मी म्हणालो, “नाही.”

त्या एका शब्दावर जो जयघोष झाला, तो थेट बसस्टँडपर्यंत ऐकू गेला म्हणतात. बुवाचं बिंग फोडायला गेलेला मी बुवाची जाहिरात करून खाली उतरलो. मी साखर तपासली होती. पान तपासलं नव्हतं आणि जीभ तर मुळीच नाही.

त्यानंतर ‘शिवसत्त्व’ वाटप झालं. एका पिशवीत पांढरट पूड, दुसरीत सुकलेली पानं. नियम महाराजांनीच सांगितले. सकाळ-संध्याकाळ उपाशीपोटी आधी पान चावायचं, मग पाण्यात चार चमचे पूड घ्यायची. एकवीस दिवस गोळी नाही. अंगाला तपासणीची सुई लावायची नाही, सुई लागली की सिद्धी उतरते. “आणि लक्षात ठेवा,” महाराजांनी आवाज खाली आणला, “पान न चावता जो पूड खाईल, त्याची जीभ झडेल.”

लोकांनी तिथेच पहिला डोस घेतला. पाचच मिनिटांत जो तो म्हणू लागला, “तरतरी आली बघा!” सकाळपासून उपाशी बसलेल्या माणसाच्या पोटात काहीही गेलं की तरतरी येते, हे त्या वेळी मला सुचलं नाही. मी माझ्याच जिभेच्या धक्क्यात होतो.

आप्पांनी घरी येऊन गोळ्यांची पाकिटं न्हाणीत रिकामी केली. मी अडवायला गेलो तर म्हणाले, “सर, तुमी आजवर कुण्या बुवाला मानलं न्हाई. तुमच्या तोंडून ऐकलं, आता मला दुसरी साक्ष नको.”



आठवडा गेला. रविवारी सकाळी आप्पांच्या बायकोने, नीलम्मावहिनींनी, मला हाक मारली. आप्पा ओट्यावर बसले होते, एका हातात पुडीचा पेला, दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. मी तिथे होतो तेवढ्या वेळात त्यांनी दोन तांबे रिकामे केले आणि तीनदा न्हाणीत जाऊन आले.

“शुगर धुऊन चाललीय, सर. महाराज म्हनले व्हते, लई तहान लागंल.”

“आप्पा, तहान लागणं हे शुगर वाढल्याचं लक्षण आहे.”

“तुमी सोताच साक्ष दिलीत अन् आता तुमीच पलटी मारून राहिलाव?”

पुडीची पिशवी खिडकीत होती आणि तिच्याकडे मुंग्यांची रांग लागली होती. भिंतीवरून, चौकटीवरून, शिस्तीत.

“आप्पा, बिनसाखरेच्या पुडीला मुंग्या कशा?”

आप्पांनी रांगेकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, “दर्शनाला आल्यात.”

मला हसू आलं. पण त्याच वेळी त्यांच्या पायाकडे लक्ष गेलं. करंगळी काळी पडली होती. वहिनी मला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत घेऊन गेल्या. डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, “भाऊजी, मी पाया पडून सांगितलं, ऐकून न्हाई राहिले. मला म्हनतात, शेषेराव सरापेक्षा तू शहाणी का? तुमच्यापायी गोळ्या फेकल्या त्यांनी. आता तुमीच वाट काढा.”

मी मान खाली घालून घरी आलो. एखाद्याची करंगळी आपल्या खरेपणामुळे जाऊ शकते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

घरी सिंधु, म्हणजे माझी बायको, माहूरहून नुकतीच परतली होती. तिचं माहेर तिथल्या डोंगरातलं. भावाच्या नातवाच्या बारशाला ती दहा दिवस गेलेली, त्यामुळे इथल्या भानगडीचा तिला पत्ता नव्हता. आल्या आल्या तिने धुणं काढलं. मी फक्त कार्यक्रमाला घालतो तो पांढरा शर्ट खुंटीवरून उतरवला, खिसे चाचपले आणि सुकलेलं अर्धं पान हातात घेऊन माझ्यासमोर आली.

“हे काय खिशात घेऊन फिरून राहिलाव?”

“ठेव ते. हिमालयातलं आहे.”

तिने पान नाकाशी नेलं, कोपरा तोडून चावला आणि खो खो हसत सुटली. “हिमालयातलं! अवं, हे आमच्या डोंगरातलं गुडमार हाय. कुंपणाकुंपणाला येल असतो. ल्हानपणी भावांनी मला हे खाऊ घातलं अन् मंग गुळाचा खडा दिला. माती लागली मला! ‘आईनं मातीचा गूळ दिला’ म्हनून दिसभर रडले मी. तुमाला ठाव न्हाई?”

“मला कसं ठाऊक असणार?”

“मंग एवढी पुस्तकं कशाला वाचली?” असं म्हणून ती धुण्याकडे गेली.

मी तसाच उठलो, कपाटातली वनस्पतिशास्त्राची पुस्तकं काढली, मोबाइलवर शोधलं. सगळं होतं तिथे. नावातच होतं : गुळाला मारतं ते गुडमार. या पानातला रस जिभेवरच्या गोडी ओळखणाऱ्या जागा अर्धा-पाऊण तास अडवून धरतो. साखर कुठेही जात नाही. ती तशीच पोटात उतरते आणि रक्तात मिसळते. फक्त जिभेला कळत नाही. चोर घरात शिरण्याआधी दारातल्या कुत्र्याला भाकरीतून गुंगी देतो, तसला प्रकार.

पण मग एक प्रश्न उरला. कुत्र्याला गुंगी दिली, म्हणजे चोराला घरात काहीतरी न्यायचं होतं. काय नेत होता तो? मला खिडकीतल्या मुंग्या आठवल्या. मुंग्यांनी पान चावलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार, महाराजांची दुसरी सभा. आप्पा लंगडत का होईना, पण सर्वांत आधी जाऊन बसले होते; शेजारी नीलम्मावहिनी. मी आणि सिंधु मागून गेलो. डॉक्टर शिवानींना यंत्र घेऊन यायला सांगितलं होतं आणि पोलीस ठाण्यातही कळवून ठेवलं होतं. मला पाहताच महाराजांनी हात पसरले.

“आले! आमचे साक्षीदार आले! गुरुजी, सांगा अनुभव.”

मी माइक घेतला. “मागच्या सोमवारी मी तुम्हाला सांगितलं, साखर गोड लागली नाही. ते खरं होतं. आज आणखी एक खरं सांगायचंय, पण त्यासाठी मला ही पूड पान न चावता खायची आहे.”

महाराजांचं हसू जागेवरच राहिलं. “गुरुजी, जीभ झडेल. मी जबाबदार नाही.”

“नको सर!” कुणीतरी ओरडलं. “लेकराबाळांचा इचार करा!” दोघा जुन्या विद्यार्थ्यांनी तर माझे दंडच धरले. माझा हात पुडीपर्यंत पोचेना. विज्ञानाच्या मास्तराला विद्यार्थ्यांनीच प्रयोग करू दिला नाही, अशी माझी फजिती.

तेवढ्यात नीलम्मावहिनी उठल्या. आयुष्यात कधी चारचौघांत मोठ्याने न बोललेली बाई. त्यांनी आप्पांच्या पिशवीतून मूठभर पूड काढली.

“नीले, काय करून राहिलीस? जीभ जाईल!” आप्पा कळवळले.

“तुमचं बोट झडायला लागलंय,” वहिनी म्हणाल्या. “माझी जीभ गेली तर गेली.”

आणि मूठ तोंडात टाकली.

एवढ्या माणसांनी श्वास धरला. वहिनींनी एकदा चघळलं, दोनदा चघळलं. भुवया वर गेल्या.

“अगं माय!” त्या ओरडल्या. “गोड हाय! पेढ्यावानी गोड हाय!”

मग जी गंमत झाली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. जो तो पिशवीत बोट घालून चाटू लागला आणि सभागृहाचे दोन तट पडले. निम्मे म्हणाले, “हाव, गोड हाय!” निम्मे म्हणाले, “कुठं गोड? पिठावानी लागून राहिलं!” नवरा म्हणे गोड नाही, बायको म्हणे गोड आहे. मागच्या रांगेत तर दोघे व्याही एकमेकांची गचांडी धरायच्या बेतात आले.

सिंधुने माझ्या हातातला माइक काढून घेतला. “आत्ता इथं येऊन ज्यानं ज्यानं पान चावलंय, त्यानं गप बसा! तुमची जीभ झोपलीय. ज्यानं चावलं न्हाई त्यानं सांगा.”

पान न चावलेले सगळे एका सुरात म्हणाले, “गोड!”

“हे पान कुण्या देवाचं न्हाई. माहूरच्या डोंगरात बकऱ्या खातात हे. आता सबर करा. अर्ध्या तासात झोपलेल्या जिभा बी जाग्या व्हतील.”

आम्ही वाट पाहत बसलो. सभागृहातलं घड्याळ टिकटिकत होतं. महाराज मखमली खुर्चीत मौनात गेले. दर दोन मिनिटांनी माणसं बोट चाटून बघत होती. पंचवीस मिनिटं झाली असतील. खांबाजवळचा एक म्हातारा ताडकन उभा राहिला. “आलं! मला गोड आलं!” मग खिडकीकडून आवाज आला, “मला बी!” मग इकडून, मग तिकडून. मागच्या सोमवारी साखर जितक्या कौतुकाने गेली, तितक्याच बोंबाबोंबीत ती परत आली. या धांदलीत लोकांचं लक्ष खुर्चीकडे गेलं तेव्हा ती रिकामी होती. पण मागच्या दाराला आचाऱ्यांनी चुलाण रचून ठेवलेलं. महाराज त्यात रेशमासकट अडकले आणि तिथेच पोलिसांच्या हाती लागले. जादूटोणाविरोधी कायद्याखाली फिर्याद झाली. पहिल्या फिर्यादी म्हणून नीलम्मावहिनींनी सही केली.

पुडीत काय निघालं? सातूचं पीठ आणि त्याच्या दुपटीहून जास्त पिठीसाखर. आठवड्याला जवळजवळ पाव किलो साखर आपल्या हाताने, उपाशीपोटी, देवाचं नाव घेऊन माणसं खात होती. पोटभर साखर गेल्यावर तरतरी नाही येणार तर काय?

डॉक्टर शिवानींनी तिथेच आप्पांच्या बोटाला सुई टोचली. यंत्रावर चारशे बत्तीस आकडा आला. त्यांनी लगेच गाडी बोलवायला सांगितलं. त्याच दुपारी आप्पांना लातूरला नेलं.

करंगळी गेली. पाय वाचला. शस्त्रक्रियेनंतर मी भेटायला गेलो आणि मला रडूच आलं. म्हणालो, “आप्पा, माझ्यामुळे झालं हे.”

त्यांनी माझा हात धरला. “सर, तुमी खोटं बोलला असता तर मी कुनावर भरवसा ठेवला असता? चूक एवढीच, की मी तुमच्या जिभेवर ठेवला. यंत्रावर ठेवायचा व्हता.”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. बुवा पकडला गेला, पान ओळखलं, लोक शहाणे झाले. पण बुवाने विचारलेला एक प्रश्न अजून तसाच होता, आणि मला कबूल करायलाच हवं, प्रश्न चांगला होता : चहातली साखर सोडली, पेढा सोडला, तरी ही साखर येते कुठून?

आप्पा घरी आले. या वेळी डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून त्यांनी निमूटपणे कागदावर लिहिलं, दिवसभरात तोंडात काय जातं ते. सकाळी बिनसाखरेचा चहा आणि त्यात बुडवून चार टोस्ट. दुपारी दुकानातला ‘डाएट’ चिवडा. चार वाजता ताकदीची पूड घातलेलं दूध, कारण अशक्तपणा. ‘शुगरवाल्यांना चालतो’ म्हणून नाक्यावरचा गुळाचा चहा. पोळीबरोबर नातवाच्या बाटलीतला लाल सॉस. जेवणानंतर डब्यातला फळांचा रस. कागद दोन्ही बाजूंनी भरला. त्यात साखर हा शब्द कुठेच नव्हता.

मग आप्पांनी दुकानातल्या गल्ल्याखालून भिंग काढलं आणि मांडणीवरचं एकेक पाकीट उलटं करून वाचायला घेतलं. बत्तीस वर्षं तीच पाकिटं विकली. मागची बाजू पहिल्यांदा वाचत होते. मी सांगितलं, की घटकांच्या यादीत जे सगळ्यात जास्त असतं ते सगळ्यात आधी छापलेलं असतं. टोस्टात मैद्यानंतर दुसरी साखरच. चिवड्यात पिठीसाखर. ताकदीच्या पुडीत ताकदीच्या आधी साखर. सॉसमध्ये टोमॅटोच्या खांद्याला खांदा लावून साखर. कुठे तिचं नाव ग्लुकोज सिरप, कुठे डेक्स्ट्रोज, कुठे माल्टोडेक्स्ट्रिन. कुठे नुसता मध आणि गूळ, म्हणजे साध्या वेशातली तीच. फळांच्या रसाच्या डब्यावर आंब्याची बाग आणि आत पाणी, साखर आणि आंब्याची आठवण.

“सर,” भिंग खाली ठेवून आप्पा म्हणाले, “माझ्या दुकानात साखर एका पोत्यात हाय असं समजून बसलो व्हतो मी. ही तर समद्या मांडणीवर बसलीय.”

आता आप्पांच्या दुकानात एक फळी वेगळी आहे. ज्या पाकिटांत साखर लपलेली सापडली, ती तिथे उलटी मांडलेली असतात, छापील बारीक अक्षरं गिऱ्हाइकाकडे. वर दोऱ्याने भिंग टांगलं आहे. वीरेश, त्यांचा मुलगा, कुरकुरतो की असं केल्याने माल कोण घेणार. आप्पा त्याला चार बोटांचा डावा पाय दाखवतात आणि तो फळी पुसायला घेतो.

परवा सकाळी मी नेहमीप्रमाणे ओट्यावर बसलो होतो. शरणार्थ झालं. वहिनींनी चहा आणला. माझा बिनसाखरेचा, वर्षानुवर्षं मला त्याचा फार अभिमान. मी बुवाबाजीवर बोलत होतो : माणसं कशी डोळे झाकून गिळतात, जिभेच्या सांगण्यावर कशी फसतात, वगैरे. बोलता बोलता घरून खिशातून आणलेल्या पाकिटातला तिसरा टोस्ट चहात बुडवला.

आप्पांनी माझ्या हातातलं पाकीट अलगद काढून घेतलं. दर्शनी बाजूला गव्हाच्या ओंब्या होत्या, हिरवं शेत होतं आणि ‘पौष्टिक’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं. त्यांनी ते उलटं केलं, भिंग माझ्या हातात दिलं आणि विचारलं,

“सर, तुमी कोणतं पान चावून आलाव?”

मी वाचलं. दुसराच शब्द साखर होता.

तर वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. बुवा दिसला की त्याची साखर तपासू नका, आधी त्याचं पान तपासा. गुळाला, मधाला, प्रसादाला साखरेतून सूट देऊ नका. रक्त देत नाही. गोळी बंद करायची की नाही ते डॉक्टरला विचारा, माझ्यासारख्या मास्तराला नको. आणि आज घरी गेल्यावर डब्यांच्या फळीवरचं कुठलंही एक पाकीट घ्या, ते उलटं करा आणि बारीक अक्षरं वाचा. चष्मा लागत असेल तर लावा. आप्पांना ती वाचायला एक बोट द्यावं लागलं, तुम्हाला फुकट आहेत.